कावळ्यासमोर दिलेला शब्द

आमच्या भागात एक नियम आहे, तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. लग्नाला गेला नाहीत तर लोक महिन्याभरात विसरतात, दहाव्याला गेला नाहीत तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. मी नगराध्यक्ष झालो त्याच आठवड्यात काकांनी मला हा नियम सांगितला. काका म्हणजे माझे सख्खे चुलते. ते दोनदा नगरसेवक होते आणि राजकारणातलं मला जे काही येतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं, चांगलंही आणि वाईटही. "मांडव चुकला तर चालंल," ते म्हणाले, "पण घाट चुकवू नको."

लोणावळ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आमचं गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीनं, खरं तर तिथं नगरपरिषद आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात गावाचा काही दोष नाही, आणि उगाच त्याची शोभा कशाला करायची.

मी सत्ताविसाव्या वर्षी नगराध्यक्ष झालो, त्यात माझं कर्तृत्व फार नव्हतं. दोन जुने पुढारी एकमेकांना पाडायला निघाले होते, आणि दोघांच्या भांडणात लोकांना तिसरा चेहरा हवा होता. माझा चेहरा स्वच्छ होता, कारण तोवर मी काही केलंच नव्हतं. सिव्हिलचा डिप्लोमा करून वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत होतो. काकांनी मला पांढरे कुर्ते शिवून दिले, घरोघर फिरवलं, आणि मी निवडून आलो. वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलं, सर्वांत तरुण नगराध्यक्ष. आईनं ते कात्रण देवघरात ठेवलं होतं. आता ते तिथं नाही. कधी काढलं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

पहिल्या महिन्यात मी खोलीत शिरलो की पन्नाशीची माणसं खुर्चीतून उठायची आणि मला लाज वाटायची. तिसऱ्या महिन्यात कुणी उठलं नाही तर मला राग यायला लागला. माणूस बदलायला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं तर माझ्याकडं नेमकं उत्तर आहे.

दशक्रिया विधी सकाळी असतो. इंद्रायणीच्या घाटावर एका बाजूला गुरुजी, मुंडण केलेले मुलगे आणि भाताचे पिंड. दुसऱ्या बाजूला मांडवात महाराजांचं प्रवचन, आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही, म्हणजे पुढारी मंडळी. प्रवचन संपलं की एकेकाचं नाव माईकवर पुकारलं जातं आणि आम्ही श्रद्धांजली वाहतो. एका सकाळी कधी कधी तीन ठिकाणी जावं लागायचं, त्यामुळे माझं भाषण तयार असायचं. कष्टाळू, मनमिळाऊ, आणि गावाच्या प्रत्येक कार्यात पुढे. आयुष्यभर भावकीशी कोर्टात भांडलेल्या एका गृहस्थाला मी मनमिळाऊ म्हणालो तेव्हा मांडवात बऱ्याच जणांना एकदम खोकला आला. गाडीत बसल्यावर काका पोट धरून हसले, आणि मीही हसलो.

आता आबांविषयी सांगतो.

गावाच्या कडेला ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे, पंधरा-वीस घरांची. आबा तिथले. लोकलनं बेगडेवाडीला उतरून परंदवडीकडच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली, ती संपल्यावर घरची भातशेती. त्यांना एकच गोष्ट हवी होती, ओढ्यावर साकव. साकव म्हणजे लहान पूल, माणूस आणि दुचाकी जाईल एवढा. वस्तीतल्या लोकांनी ओढ्यात सिमेंटचे जाड नळे टाकून वाट केलेली होती. पावसाळ्यात नळ्यांवरून पाणी जायचं, आणि पाणी उतरलं की शेवाळ राहायचं. दूध घालायला जाणाऱ्या बायका किटली डोक्यावर घेऊन त्यावरून जायच्या, आणि पडायच्या.

दर सोमवारी आबा माझ्या दालनाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. अर्ज दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलेला असायचा, भिजू नये म्हणून. दार उघडलं की म्हणायचे, "अध्यक्ष, आलो बरं का."

"आबा, बघतो," मी म्हणायचो.

"हितं बसून कसं दिसंल? बघायला या, म्हंजी दिसंल."

ते हसून बोलायचे, कधी आवाज चढवला नाही. त्यामुळेच त्यांचं काम मागं पडत गेलं. नगरपरिषदेत ओरडणाऱ्याचं काम आधी होतं, रडणाऱ्याचं नंतर, आणि हसणाऱ्याचं होतच नाही. मी आणि माझ्याबरोबरचे नगरसेवक त्यांना मागं 'साकव आबा' म्हणायचो. शिपाई येऊन सांगायचा, "साकव आबा आलेत," आणि मी म्हणायचो, "पंधरा मिनिटं बसव." पंधरा मिनिटांनी मी मागच्या दारानं गेलेला असायचो. एकदा नाही, बऱ्याचदा. त्यांना ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या सोमवारी ते तसेच हसत यायचे.

थंडी सरता सरता आबा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला कळलं तेव्हा मी डायरीत दहाव्याची तारीख लिहून घेतली. वाईट वाटलं का, असं आज आठवून बघतो तर डायरीत लिहिल्याचंच आठवतं.

दहाव्याला गर्दी बऱ्यापैकी होती. माझी श्रद्धांजली झाली, तीच, कष्टाळू आणि मनमिळाऊ. आबांच्या बाबतीत ती खरी होती, पण मी ती खरी म्हणून बोललो नव्हतो. मग सगळे पिंडाकडं बघायला लागले, बरेच जण उठून त्याच्याभोवती गोळा झाले.

पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस सुखानं गेला असं आमच्याकडं धरतात. शिवला नाही तर त्याचं काहीतरी मागं राहिलंय. मग घरची माणसं हात जोडून एकेक वचन देतात. पोरीचं लग्न करू, भावाला अंतर देणार नाही, जमीन विकणार नाही. ज्या वचनावर कावळा उतरतो ते त्या माणसाचं अडलेलं. मी शिकलेला माणूस, माझा यावर विश्वास नव्हता. पण घाटावर बसलं की विश्वास असो नसो, मान आपोआप झाडाकडं वळते.

त्या दिवशी समोरच्या करंजाच्या झाडावर चार-पाच कावळे होते आणि एकही उतरेना. आबांच्या मुलानं वचन दिलं, आईला अंतर देणार नाही. धाकट्यानं दिलं, नातीला शिकवू. भावानं बांधाचं काहीतरी सांगितलं. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढं दुसरा दहावा होता. शेवटी ते म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू या. कावळा आलाच नाही तर तशी सोय असते.

तेव्हा आबांची बायको बोलली. मी तिला मावशी म्हणायचो, म्हणजे सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना म्हणायचो तसं. ती बायकांच्या घोळक्यात भुईवर बसली होती.

"अध्यक्षांना बोलवा," ती म्हणाली. "ह्यांचं काय ऱ्हायलं असंल तर त्यांच्यापाशीच ऱ्हायलंय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. काका माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी माझ्या गुडघ्याला हळूच कोपर लावलं, म्हणजे ऊठ. मी उठलो. गर्दीनं मला वाट करून दिली. मी पायऱ्यांशी जाऊन चपला काढल्या, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "आबा, साकव मी करून देतो. वस्तीच्या ओढ्यावर, या पावसाळ्याच्या आत. माझा शब्द आहे."

मी मागं वळेपर्यंत कावळा उतरला. एक नाही, दोन.

बायका रडायला लागल्या. आबांच्या मुलानं माझे पाय धरले, माझ्यापेक्षा वयानं पंधरा वर्षांनी मोठा माणूस. मावशी मात्र रडली नाही. ती माझ्याकडं बघून मान हलवत होती, समाधानानं. ती नजर मला अजून आठवते आणि आठवली की बसल्या जागी मान खाली जाते.

कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलंच होतं. संध्याकाळपर्यंत ते मावळभर फिरलं. माझं नाव 'कावळेवाले अध्यक्ष' पडलं, आणि ते कौतुकानं पडलं होतं. लोणावळ्यात एका हॉटेलात चहा पीत होतो तर वाढणारा म्हणाला, साहेब, ते तुम्हीच ना? भुशी धरणाकडं जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांचं नियोजन करायला एक बैठक होती, तिथं वाहतुकीचं सोडून सगळे कावळ्याचंच विचारत बसले. काका खूश होते. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली," ते म्हणाले, "पण फांदी आपल्या अंगणात पडली. आता साकव करून टाक."

मी खरंच करायला घेतला. हे सांगायला हवं, कारण माझ्या मनात पहिल्या दिवसापासून फसवायचं नव्हतं. फसवणूक नंतर आली, आणि ती एवढ्या सावकाश आली की तिला फसवणूक म्हणायची वेळच आली नाही.

आमच्याकडं कामाचा ठराव करताना जागा मोघम ठेवायची पद्धत आहे. 'ओढ्यावर साकव बांधणे, जागा पाहणीअंती निश्चित करणे.' असं लिहिलं की पुढं अडचण येत नाही, असं सगळे सांगतात. मीही तसंच लिहिलं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. ओढा चांगला लांब आहे. वस्ती खालच्या अंगाला. वरच्या अंगाला, पाच-सात मिनिटं चाललं की लागते अशा जागी, वस्तीच्याच काठाला, एका शेठचं प्लॉटिंग होतं. मुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारचे बंगले बांधायला जमीन. शेठनं माझ्या निवडणुकीत गाड्या दिल्या होत्या, माणसं दिली होती. तो एके दिवशी दुकानात आला, स्वतःच्या हातानं स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "अध्यक्ष, साकव करताच आहात तर थोडा वर घ्या. वस्तीचीही सोय, माझीही सोय. एका दगडात दोन पक्षी."

तिथून वस्तीला यायचं तर शेठच्याच जमिनीतून यावं लागत होतं. तो म्हणाला, वाट सोडतो. मी म्हणालो, लिहून द्या. तो हसला. "अध्यक्ष, आपल्यात लिहिणं कधीपासून आलं?"

मला तेव्हाच कळलं होतं. हेच मला लिहायचं आहे, बाकी सगळं त्याच्या आधीचं आणि नंतरचं. स्टुलावर बसलेला तो माणूस हसला त्या क्षणी मला माहीत होतं की वाट सोडली जाणार नाही. तरी मी पाहणीला गेलो, आणि अभियंत्यानं मला विचारलं, "खाली की वर?" अभियंता बिचारा नोकरीतला माणूस, मी म्हणेन ते लिहिणार. मी सिव्हिल शिकलेला. खालची जागा उत्तम होती, दोन्ही काठांना खडक, पाणी अरुंद. वरच्या जागेला भराव टाकावा लागणार होता. मी म्हणालो, "वर पाया चांगला लागेल." तो माझ्याकडं क्षणभर बघत राहिला आणि त्यानं वहीत लिहून घेतलं. माझं शिक्षण मी त्या एका वाक्यासाठी वापरलं, त्याआधी किंवा त्यानंतर नगरपरिषदेत त्याचा कधी उपयोग झाला नाही.

काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शब्द ओढ्यावरचा होता ना? ओढा तोच हाय." मला हेच ऐकायचं होतं.

साकवाला मी आबांचं नाव दिलं. कुणी सुचवलं नव्हतं, मीच पुढं होऊन दिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसंच ते. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरात आबांचं पूर्ण नाव, त्याखाली माझं, आणि माझ्या नावाचं अक्षर जरा मोठं पडलं होतं.

काम लांबलं आणि लोकार्पण जुलैत आलं. मांडवाला प्लॅस्टिकचा कागद लावलेला, पाऊस चालू. शेठच्या बंगल्यांचं फाटक साकवापासून वीस पावलांवर होतं आणि फाटकापासून दोन्ही बाजूंना भिंत चढलेली. वाट सोडायचं राहून गेलं होतं. मोठे पाहुणे यायचे होते. फीत मावशीच्या हातून कापायची असं मीच ठरवलं होतं, फोटोत चांगलं दिसतं म्हणून.

मावशी आली ती ओढ्याच्या आमच्या काठानं चालत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चपला हातात. एका कोपराला चिखल लागला होता. तिला साकवाच्या कार्यक्रमाला यायचं तर आधी त्या नळ्यांवरून ओढा ओलांडावा लागला होता, आणि नळ्यांवर पाणी होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि ताबडतोब दुसरीकडं बघितलं. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकानं मावशीला मांडवात खुर्ची दिली. ती बसली नाही, खुर्ची ओली होईल म्हणाली.

फीत कापली, टाळ्या झाल्या. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण मला वाटलं, म्हातारी दोन शब्द बोलली तर बरं, आणि माईक मीच तिच्यापुढं धरला. आज विचार करतो तर वाटतं, मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की शब्द पाळला. एकदा तिनं म्हटलं असतं की मग मी सुटलो असतो.

मावशीनं माईककडं बघितलं, साकवाकडं बघितलं, पलीकडच्या फाटकाकडं बघितलं. "साकव चांगला झालाय," ती म्हणाली. "कुनाच्या तरी उपेगाला यील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठे पाहुणेही वाजवत होते. वस्तीतली पाच-सहा माणसं मागं उभी होती, ती नुसती उभी राहिली.

कार्यक्रम संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. "मावशी, गाडीनं सोडतो घरी."

"गाडी कुटनं जाणार, अध्यक्ष? आमची वाट हितनं न्हाई." ती हे रागानं बोलली नाही. पत्ता विचारणाऱ्या परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. मग चपला हातातच धरून ती आल्या वाटेनं गेली. मी मांडवात परत आलो, तिथं भजी चालली होती. मी खाल्ली. भुकेला होतो.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. माझी मुदत संपली, निवडणुका लांबल्या, नगरपरिषदेवर प्रशासक आला. खुर्ची गेली की माणूस किती लवकर हलका होतो ते त्या खुर्चीवर बसलेल्यालाच कळतं. फोन थांबले. दहाव्याच्या मांडवात माझं नाव आधी पाचवं पुकारायला लागले, मग पुकारायचं बंद झालं. मी दुकानात परत बसायला लागलो, खिळे-बिजागऱ्या विकतो. मला त्याचं दुःख नाही. दुकानात निदान गिऱ्हाईकानं बिजागरी मागितली तर बिजागरीच द्यावी लागते.

गेल्या भाद्रपदात, सर्वपित्रीच्या दिवशी, आईनं मला गच्चीवर घास ठेवायला पाठवलं. त्या दिवशी सगळ्याच घरांवर पितरांसाठी पान ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. मी पान ठेवलं, पण हाक न मारताच वळलो. खाली आलो, आईला सांगितलं की कामाला जातो, आणि दुचाकी काढून ओढ्यावर गेलो. मनात एवढंच होतं की मावशीची माफी मागायची. नळ्यांपाशी दुचाकी लावली. इतक्या वर्षांत मी त्या नळ्यांवर कधी पाय ठेवला नव्हता. चौथ्या नळ्यावर घसरलो आणि एक पाय पाण्यात गेला. पलीकडं धुणं धुणारी बाई उभी राहून बघत होती, हसली नाही.

मावशी ओट्यावर बसली होती. खंगली होती, पण नजर तीच. सून पान वाढून शिडीनं पत्र्यावर चढत होती.

"ये," मावशी म्हणाली. "पाय पूस. हितं बस."

मी बसलो. ती माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती आणि मला बरं वाटलं.

"मावशी, मला तुमच्याशी बोलायचंय."

"मला बी," ती म्हणाली. "तू अध्यक्ष हुतास तवर इचारता येत नव्हतं. आता न्हाईस, म्हून इचारते. त्या दिवशी घाटावर तुझं नाव कुनी घेतलं?"

"तुम्ही."

"व्हय. पोरं त्यांचं त्यांचं सांगत हुती. गुरुजी तर उठायलाच लागलं हुतं. म्या म्हनलं, अध्यक्षांना बोलवा. माझ्या सांगन्यावर तू आलास, आन माझ्या सांगन्यावर इश्वास ठिवून त्यांनी घास घेतला. मंग त्यांना फसवलं कुनी?"

"मी फसवलं, मावशी."

"तू तर फसवलंसच. ते समद्या गावाला ठावं हाय. म्या माझं इचारते." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ते दर्भाच्या कावळ्यानं गेलं आसतं तर निदान उपाशी हाय म्हून मला ठावं तरी आसतं. म्या त्यांना खोटं जेवान घातलं. तवापास्नं पितरपाटाला म्या वर चढत न्हाई. सून ठेवती. म्या म्होरं गेले आन कावळा आलाच न्हाई तर?"

लबाडी माझी, आणि तिचं ओझं ही बाई इतकी वर्षं वाहत होती. माझ्या बाजूनं मी जास्तीत जास्त एवढंच धरून चाललो होतो की ती माझ्यावर रागावली असेल. ती स्वतःलाच दोष देत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. काहीही करून तिला त्यातून सोडवावं असं वाटलं, आणि मी घाईनं ते सांगायला लागलो जे मला त्या दिवसापासून माहीत होतं आणि मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"मावशी, कावळा तुमच्या सांगण्यानं आला नव्हता. माझ्या शब्दानंही नाही. आधी सगळी माणसं पिंडाला खेटून उभी होती, म्हणून तो उतरत नव्हता. तुम्ही मला बोलावलंत तेव्हा गर्दी मागं सरकली, सगळे माझ्याकडं बघायला लागले, पिंड मोकळा झाला. म्हणून तो आला. मी काहीही बोललो असतो तरी आला असता. पक्षीच तो, मावशी. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही."

तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मला वाटलं, पटलं.

"म्हंजी त्यांनी ऐकलंच न्हाई," ती म्हणाली.

मी विजारीचं ओलं टोक पिळत बसलो.

"सोमवारचं तुझ्या दाराशी बसायचं, तितं तू ऐकलं न्हाईस. मला वाटलं, एकदा तरी ऐकलं. खोटं का आसंना, साकव हुनार म्हून ऐकून तरी गेलं." तिनं वर पत्र्याकडं बघितलं. सून पान ठेवून का-का करत हाका मारत होती. "मंग ही पोरगी कुनाला हाका मारतीय?"

सून खाली उतरली. चहा झाला, तो घेतला. कप ठेवला आणि पाया पडलो, तिनं पाय मागं घेतले नाहीत की डोक्यावर हात ठेवला नाही. परत नळ्यांवरून आलो, दुचाकी चालू केली, आणि दुकानाच्या दारात आल्यावर लक्षात आलं की माफी मागायला गेलो होतो ती मागायचीच राहिली. मी तिला समजावूनच आलो होतो.